गॅब्रिएलची आभाराची लादीन

पाचूबंदरच्या गॅब्रिएलला एखादी गोष्ट कळत नाही, असं कधी झालंच नाही. होडी त्याची, म्हणून वाराही त्याचा. बायको त्याची, म्हणून तिचा खोकलाही त्याचाच. क्लाराने जन्मात विडी ओढली नव्हती. ओढायचा तो, ओट्यावर बसून, तिच्या तोंडासमोर. आणि ती खोकली की तिच्यावरच डाफरायचा.

तिच्या फुप्फुसात कॅन्सर निघाला तेव्हाही मुंबईत डॉ. क्षितिजा यांच्यापुढे खुर्ची ओढून तोच बसला. सुईने काढलेल्या मांसाच्या कणावर जनुकांच्या नेहमीच्या तपासण्या झाल्या होत्या. नेमकी गोळी लागू पडेल असा बिघाड त्यांत सापडला नव्हता. 'सापडला नाही' एवढं कानावर पडताच गॅब्रिएल उठून बाहेर गेला. पुढचं ऐकायला क्लाराशेजारी सून रिचेल तेवढी उरली.

रविवारी त्याने गल्लीतल्या क्रुसापुढे आभाराची लादीन, म्हणजे शेजाऱ्यांना जमवून म्हणायची प्रार्थना, ठेवली. प्रार्थना झाली, उकडलेले चणे वाटले गेले. "देवानं आजार काढून घेतला," असं तो प्रत्येकाचा हात धरून सांगत होता. त्या श्रेयातलं देवाच्या वाट्याला फारसं काही येत नव्हतं. क्लारा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होती. गाण्याची ओळ पुरी करण्याइतका श्वास तिला नव्हता. खरं ठाऊक असलेल्यांनीही चणे खाल्ले.

त्या संध्याकाळी रिचेलने डॉक्टरांचं उरलेलं बोलणं घरात मांडलं. पेशी जनुकाची नक्कल काढते, तिला आरएनए म्हणतात. त्यातले नको ते तुकडे कापले जातात, हवे ते जोडले जातात. कधी या कापाकापीत हवा तो तुकडाही गळतो. एका प्रथिनाचं काम झालं की ते मोडीत काढण्याची खूण अशाच एका तुकड्यात असते. ती गळली की ते प्रथिन हटत नाही, पेशीला 'वाढ, वाढ' म्हणत राहतं. पहिल्या तपासणीत हे निसटू शकतं. आरएनए तपासायला हवा, पण पहिला कण संपलाय. पुन्हा सुई घालावी लागेल.

"क्रुसापुढं आभार मानून झाले," गॅब्रिएल म्हणाला. "आता परत सुई? देवाला खोटं पाडू?"

"देवाला कोन पाडतंय," क्लारा म्हणाली. "खोटा तू पडशील."

"तू गप ऱ्हा. दम लागतोय तुला."

"लागतोय ना? मग बरी कशी झाले?"

तो विडी शोधू लागला. जिवापेक्षा अब्रू जड, आणि तीही स्वतःची. जीव मात्र बायकोचा. असा हिशेब करणाऱ्यांना आपल्याकडे घरचा कर्ता म्हणतात.

क्लारा रिचेलबरोबर मुंबईला गेली, पुन्हा सुई घालून घेतली. गल्लीत कोणी विचारलं तर लपवलं नाही. तुकडा गळलेलाच निघाला. त्या अडून बसलेल्या प्रथिनाला रोखणारी गोळी सुरू झाली. "आजार मुळापासून जाईल असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आटोक्यात राहील. किती काळ, ते सांगता येत नाही."

काही आठवड्यांत खोकला ओसरला. गोळीमुळे पाय मात्र सुजले, चपलेत मावेनात. गॅब्रिएलला तेवढंच पुरलं.

"बघ, सांगत होतो. पाय बघ तुझे."

"बघितले," क्लारा म्हणाली आणि त्याच पायांनी, न थांबता, बंदरापर्यंत चालत गेली. तो मागून हाका मारत निघाला आणि अर्ध्या वाटेत धापा टाकत खाली बसला.