सांभाळूनराव आणि एकच रेघ

काचवाल्यांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. सगळे त्यांना सांभाळूनराव म्हणत, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या तोंडाने कमावलं होतं. दुकानात गिऱ्हाईक शिरलं की "या" म्हणायच्या आधी ते "सांभाळून!" म्हणायचे. उंबरा सांभाळून, कोपरा सांभाळून, आरशात बघताना मान सांभाळून. एकदा दुकानात शिंकलेल्या एका बाईलासुद्धा ते "सांभाळून" म्हणाले, तेव्हा ती बिचारी पुढची शिंक नाकातच दाबून बाहेर पळाली.

काचेच्या धंद्यात माणसाने जपून असावं हे खरं. पण यांचं जपणं हाताबाहेर गेलं होतं, आणि त्याला कारण आत्याबाई.

आत्याबाई म्हणजे त्यांच्या वडिलांची बहीण. आई लहानपणीच गेली, तेव्हा तिनेच त्यांना वाढवलं. बाई मायाळू, पण जगात जे जे वाईट होऊ शकतं त्याची तिला आगाऊ खबर असायची. पोरगा जिना चढला की पडणार, आंघोळीला गेला की घसरणार, आणि घसरला नाहीच तर निदान सर्दी तरी होणार. तिला जाऊन कैक वर्षं झाली. तिचं रीतसर दफन झालं, भजनं झाली, सगळं झालं. आवाज तेवढा कबरेत उतरला नाही. तो परस्पर भाच्याच्या डोक्यात राहायला आला आणि बिऱ्हाड मांडून बसला.

"खिडकीचं माप चुकलं असलं तर?" आवाज विचारायचा. "गिऱ्हाईक परत आलं तर? छातीत दुखतंय ते साधं नसलं तर?"

ही गोष्ट फक्त बायकोला माहीत होती. नवरा जेवताना घास हातात धरून भिंतीकडे बघायला लागला की ती ओळखायची.

"आल्या वाटतं आत्याबाई," ती म्हणायची. "त्यांना सांगा, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. आणि तुम्ही जेवा."

सांभाळूनराव हसायचे, जेवायचे, आणि हात धुताना पुन्हा भिंतीकडे बघायचे. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते काही उगाच नाही.

देवावर मात्र माणसाची खरी श्रद्धा. रोज सकाळी ते पलंगाशी गुडघे टेकायचे आणि सगळ्या काळज्या प्रभूच्या चरणी ठेवायचे. अडचण अशी, की ठेवलेल्या काळज्या चहा व्हायच्या आत ते परत उचलून आणायचे. प्रार्थनाही कधी संपायची नाही. "आमेन" म्हणून झालं, बायकोने डोळे उघडले, की हे पुन्हा सुरू. "आणि हो, प्रभो, ते मागच्या दाराचं कुलूप..." रविवारी ख्रिस्तमंदिरात पाळकसाहेब प्रार्थनेसाठी विनंत्या विचारायचे, तेव्हा सांभाळूनराव उभे राहिले की मागच्या बाकावरची मंडळी जरा ऐसपैस बसून घ्यायची.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग हिवाळ्यात तो अपघात झाला.

काच कापायची म्हणजे खरं तर कापायचीच नसते. कटरच्या बारीक चाकाने तिच्यावर एक रेघ ओढायची, सारख्या दाबाने, न थांबता. मग रेघेच्या दोन्ही अंगांना धरून हलकेच वाकवलं की काच आपणहून त्या रेघेवर तुटते. यातली मेख एकच, की रेघ एकदाच ओढायची. कमी उमटली असं वाटलं तरी पुन्हा तिच्यावर चाक फिरवायचं नाही. फिरवलं की काच आत कुठेतरी दुखावते आणि नको तिथे फुटते. सांभाळूनराव हे मिसरूड फुटायच्या आधी शिकले होते, आणि मेहुण्यालाही त्यांनीच शिकवलं होतं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, दुकानातला त्यांचा जोडीदार. अंगाने धिप्पाड, तोंडाने सैल, मंदिराच्या गायनमंडळात बेसूर पण हौशी. एका कपड्याच्या दुकानाची दर्शनी काच दोघे मिळून करत होते. रेघ झकास उमटली होती. तेवढ्यात डोक्यातली आत्याबाई म्हणाली, "एकदा आणखी फिरव रे बाबा, खात्रीला." आणि सांभाळूनरावांनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, खात्रीला म्हणून, रेघेवर रेघ ओढली. काच उचलताना रेघ सोडून आडवी फुटली. मेहुण्याचा हात कोपरापासून मनगटाकडे फाटला.

हात बरा झाला. टाके निघाले, एक वाकडी खूण राहिली, आणि मेहुणा ती येणाऱ्या-जाणाऱ्याला बक्षिसासारखी दाखवत पुन्हा कामावर हजर झाला. बरं झालं नाही ते सांभाळूनरावांचं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि हे तर आता पाणीसुद्धा फुंकायला लागले. प्रत्येक रेघेवरून चाक दोनदा फिरायचं. चुकीचं आहे हे ठाऊक असून फिरायचं. तुकड्यांचं पिंप भरत चाललं. मोठी काच उचलायची म्हटलं की त्यांचे तळहात ओले व्हायचे, म्हणून मोठी कामं ते परतच पाठवू लागले. आणि रोज सकाळी कुलूप काढताना मेहुण्याला तोच प्रश्न, "दुखतंय का रे? माफ केलंस ना?"

"केलं हो, दाजी," मेहुणा म्हणायचा.

शेवटी सांभाळूनरावांनी दुकान विकायचं ठरवलं. कारखान्यातून तयार खिडक्या आणून विकणारा एक व्यापारी जागेवर डोळा ठेवून होताच. सोमवारी येऊन होकार घेऊन जातो म्हणाला.

"दुकान विकून करणार काय?" बायकोने विचारलं.

"कोणाला कापणार तरी नाही," सांभाळूनराव म्हणाले. कधी नव्हे ते तिला थट्टा सुचली नाही.

आणि त्याच आठवड्यात कोणाचा तरी चेंडू मंदिराच्या दारावरच्या गोल खिडकीतून थेट आत गेला.

त्या खिडकीला फिकट पिवळी काच होती. तशी काच आता बनत नाही. सांभाळूनरावांच्या माळ्यावर जुन्या साठ्यातले तिचे दोन तुकडे तेवढे पडून होते. पाळकसाहेब स्वतः दुकानात आले. "रविवारच्या आत बसेल का?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणायला सांभाळूनरावांनी तोंड उघडलं.

"बसेल," बायको आतून म्हणाली.

शनिवारी सकाळी मंदिराच्या सभागृहात लांब टेबलावर घोंगडी अंथरली. पाळकसाहेब बाजूला उभे, बायको बाकावर, मेहुणा टेबलापाशी. गोल कापायचं कटर निराळं असतं. काचेच्या मधोमध रबराची वाटी चिकटवायची, तिला दांडा, दांड्याच्या टोकाला चाक. दांडा एक पूर्ण फेरी फिरवायचा. सरळ रेघ निदान काठापाशी संपते तरी. गोलाला काठ नसतो. चाक सुरुवातीच्या जागी येऊन पोचलं की हात उचलायचा, नाहीतर ते आपसूक त्याच रेघेवर पुढे चालू लागतं.

चाक सर्रकन फिरलं. फेरी पुरी झाली.

"कमी उमटली असली तर?" आत्याबाई म्हणाली.

हात थांबला नाही. अर्धी फेरी आणखी गेली, आणि सांभाळूनरावांनी काच उलटी करून दाबली तेव्हा कट् असा आवाज होऊन गोलाच्या मधोमध तडा गेला.

सांभाळूनराव बाकावर जाऊन बसले. डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचं त्यांना सुचलंही नाही.

"झालं," ते म्हणाले. "मी आता या कामाचा राहिलो नाही." मग त्यांचं लक्ष मेहुण्याच्या हाताकडे गेलं. "माफ कर रे मला."

आणि मेहुणा, जो जन्मात कधी चिडला नव्हता, तो चिडला.

"दाजी, पुरे! दवाखान्यात टाके घालत होते तेव्हाच मी म्हटलं, माफ केलं. मनापासून म्हटलं. पण तुम्ही रोज सकाळी तेच विचारता! रोज विचारल्यावर मलाच वाटायला लागतं, की मी केलंच नव्हतं की काय? जखम कधीच बरी झाली हो. तुम्हीच रोज येऊन ती उकरता. रेघेवर रेघ ओढायची नाही, हे मला शिकवलं कोणी?"

एवढं बोलून त्याला स्वतःलाच इतकं नवल वाटलं, की तो मटकन खाली बसला.

पाळकसाहेब खाकरले. ते उपदेश करणार असं सगळ्यांना वाटलं, पण त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला. "प्रभूलाही रोज हेच विचारता का?"

"रोज," सांभाळूनराव म्हणाले.

"आणि तो काय म्हणतो?"

उत्तर ऐकायला सांभाळूनराव कधी थांबलेच नव्हते.

"त्याच्याकडे शंभरदा जा," पाळकसाहेब म्हणाले. "त्याला कंटाळा येत नाही. पण तुम्ही मागायला जात नाही, तपासायला जाता. त्याने क्षमा केली ती शाबूत आहे का, काळजी घेतली ती सांडली तर नाही ना. असं तपासणं म्हणजे विश्वास नव्हे हो."

"मग मी करू काय? डोक्यातलं बोलणं थांबत नाही!"

"बोलू द्या की," बायको उठून टेबलापाशी येत म्हणाली. "आत्याबाई सगळं आयुष्य बोलल्या, तरी तुम्ही जिना चढलातच ना? त्यांना तोंड आहे. कटर तुमच्या हातात आहे. आणि एक सांगू? आमेन म्हटल्यावर पुढे बोलायचं नसतं. इतकी वर्षं मी गुडघे मोडून वाट बघतेय."

सांभाळूनरावांना रडता रडता हसू आलं. नाक पुसून ते उठले. दुसरा तुकडा त्यांनी घोंगडीवर ठेवला, आणि तो शेवटचा आहे हे आत्याबाईने त्यांना तत्परतेने सांगितलं.

त्यांनी डोळे मिटले. या वेळी ओठ हलले ते अगदी थोडा वेळ. काय म्हणाले ते कोणाला ऐकू आलं नाही, पण एरवीच्या मानाने ते इतकं आखूड होतं, की मेहुण्याने एक डोळा उघडून खात्री केली.

चाक टेकलं. सर्रर्र... चाक वळत वळत सुरुवातीच्या जागेकडे आलं.

"कमी उमटली असली तर?"

तिच्या आवाजात आज सांभाळूनरावांना प्रथमच भीती ऐकू आली. दुष्टपणा नव्हता तिच्यात, कधीच नव्हता. बिनआईचं पोर पदरात पडलेली एक घाबरलेली बाई होती ती. राग यायच्या ऐवजी त्यांना तिची माया आली.

"आमेन," सांभाळूनराव मोठ्याने म्हणाले आणि हात वर उचलला.

काच उलटी केली. अंगठ्याने रेघेमागून दाबत नेलं. बारीक चिरका आवाज करत तडा रेघेबरोबर मुकाट चालत गेला, एक फेरी, आणि मिटला. मग भोवतालचे तुकडे एकेक करून सुटे केले. घोंगडीवर फिकट पिवळा, सगळीकडून सारखा गोल उरला.

"हालेलुया!" मेहुणा बेसूर ओरडला. त्या दिवशी ते कोणाच्या कानाला खुपलं नाही.

रविवारी पाळकसाहेबांनी विनंत्या विचारल्या. सांभाळूनराव उभे राहिले. मागच्या बाकावरच्या मंडळींनी सवयीने पाय पसरले.

"फक्त आभार मानायचेत," सांभाळूनराव म्हणाले. "आमेन." आणि बसले.

सगळे "आणि हो"ची वाट बघत राहिले. पाळकसाहेबही थांबले. शांतता इतकी लांबली, की मेहुणा पुढे वाकून कुजबुजला, "दाजी, तब्येत बरी आहे ना?"

आत्याबाई बोलायची थांबली, असं कोणी समजू नये. त्याच रात्री कुलपावरून ती बोललीच, आणि सांभाळूनराव एकदा उठून कुलूप बघून आले. पण दुसऱ्यांदा उठले नाहीत. कुशीवर वळून म्हणाले, "आत्या, झोप आता. प्रभू जागा आहे."

सोमवारी सकाळी दुकान उघडताना मेहुणा नेहमीच्या प्रश्नासाठी थांबला. हातही थोडा पुढे केला. सांभाळूनरावांनी हाताकडे पाहिलं, मेहुण्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि प्रश्न विचारला नाही. फुटलेल्या काचेच्या जागी मापात मागवलेली दुसरी दर्शनी काच हिवाळ्यापासून कोणी न हलवता भिंतीला टेकून होती, तिच्याकडे बोट केलं.

"धर रे तिकडून," ते म्हणाले. "कपड्यांच्या दुकानाचं काम राहिलंय आपलं."

मेहुण्याने जाऊन दुसरं टोक धरलं. तळहात सांभाळूनरावांचे ओले झाले होते, पण पकड घट्ट होती. दोघे पावलाला पाऊल जुळवत दारापर्यंत आले, आणि नेमका तेव्हाच तयार खिडक्यांचा व्यापारी होकार घ्यायला उंबऱ्यात येऊन उभा राहिला, ऐन वाटेत.

"सांभाळून!" सांभाळूनराव कडाडले.

व्यापारी टुणकन बाजूला उडाला. "अहो, पण दुकानाचं काय ठरलं?"

"दिसत नाही का," काचेच्या दुसऱ्या टोकाकडून मेहुणा म्हणाला, "आम्ही कामात आहोत."