तिघांच्या सुट्ट्या आणि एक कोल्ड स्टोरेज

इंदिरानगरच्या योगिनी शेवाळेला एक खोड आहे. लग्नाला गेली की ती नवरीचे दागिने बघत नाही. मांडववाला, आचारी आणि बँडवाला एकमेकांच्या पायात कुठे येतायत ते बघते. माहेरी, चांदवडला, बहिणीच्या हळदीच्या आदल्या दिवशी मांडवाचे खांब नेमके चुलीच्या जागी रोवले जाणार हे हिनेच हेरलं. तेव्हापासून भावकीतल्या प्रत्येक कार्याला हिला सगळ्यांच्या आधी बोलावणं. "तू जेवायला येतेस की साइटवर?" असं नवरा चिडवतो. ती नुसती हसते, कारण तिचा पगारच या खोडीचा आहे. कोल्ड स्टोरेज उभारणाऱ्या महेशसाहेबांच्या कंपनीत ती कामांची वेळापत्रकं बसवते.

यंदाचं काम वणीकडचं होतं, द्राक्षवाल्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या कंपनीचं. दिवाळी झाल्यावर सभा भरली. कंपनीच्या अध्यक्ष सिंधुबाईंनी आढेवेढे न घेता विचारलं, "माल तोडायच्या आत व्हईल का?"

महेशसाहेब घसा साफ करत राहिले. योगिनीला काय झालं कोण जाणे, ती ताडकन उठली. "पहिला क्रेट याच स्टोरेजात जाईल. शब्द देते मी!"

टाळ्या पडल्या आणि खाली बसता बसता ती बोटांवर महिने मोजायला लागली. धीर एवढाच होता की ही जाणती माणसं आहेत, अडीअडचणीला दुसऱ्या एखाद्या स्टोरेजात जागा राखून ठेवतीलच.

ठेकेदार तीन होते. फरशीचं काँक्रीट गोरक्षभाऊंकडे, भिंती-छताची पॅनेलं मालेगावच्या इब्राहिमभाईंकडे आणि थंडाव्याची यंत्रं अंबडच्या ललितकडे. तिघांचीही वेळापत्रकं देखणी, आणि तिघांचंही काम तोडणीच्या आधी संपत होतं. फक्त इब्राहिमभाईंच्या वेळापत्रकात फरशी आधीपासूनच तयार होती आणि ललितच्या वेळापत्रकात छत! हे बघून योगिनी उडालीच. तिने तिघांनाही साइटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये बोलावलं, लॅपटॉप उघडला आणि तिन्ही फाइली एका मोठ्या फाइलीत जोडल्या. फरशी झाल्याशिवाय पॅनेल नाही, पॅनेल झाल्याशिवाय यंत्र नाही, अशा गाठी मारत गेली.

"सुट्ट्या पण घाला," महेशसाहेब म्हणाले. "सगळ्यांच्या घाला. मागाहून कुरकुर नको."

गोरक्षभाऊंचे मजूर वणीच्या बाजाराच्या दिवशी यायचे नाहीत, इब्राहिमभाईंची माणसं शुक्रवारी, आणि ललितचं वर्कशॉप शनिवारी बंद. तिघांच्याही सुट्ट्या अगदी आदराने एकाच कॅलेंडरात घातल्या गेल्या. योगिनीने बटण दाबलं आणि पडद्यावरच्या निळ्या पट्ट्या सरकायला लागल्या त्या थांबेचनात. शेवटची पट्टी, म्हणजे काम संपायची तारीख, गुढीपाडव्यापलीकडे गेली.

"सॉफ्टवेअर बिघडलंय," महेशसाहेबांनी निकाल दिला.

योगिनीच्या कानाला झळ लागल्यासारखं झालं. तोडणी निम्मी आटोपल्यावर कोल्ड स्टोरेज काय चाटायचंय? पडद्याला नाक लावून तिने पट्ट्या निरखल्या, आणि एकदम कपाळावर हात मारला. "अहो, बाजाराला जातात गोरक्षभाऊ, आणि घरी बसलेत तिघंही! एकाची सुट्टी आपण सगळ्यांना वाटून टाकली!"

केबिनमध्ये हशा पिकला. तिने ज्याची सुट्टी त्याला परत दिली. शेवटची पट्टी झरझर मागे आली, पण तोडणीच्या ऐन भरात येऊन अडली.

पण आता ती पेटली होती. पडद्यावर गोरक्षभाऊ ज्या दिवशी काँक्रीट टाकत, त्याच्या दुसऱ्या दिवशी इब्राहिमभाईंची माणसं ओल्या फरशीकडे बघत रिकामी उभी होती. प्रत्येक खोलीला तोच प्रकार.

"गोरक्षभाऊ, काँक्रीट दर वेळी गुरुवारीच टाकलं तर?"

"टाकू की. पण गुरुवारच का?"

"शुक्रवारी त्यावर पाय ठेवायला कुणी येतच नाही. घट्ट होऊ दे निवांत!"

इब्राहिमभाईंनी मांडीवर थाप मारली. "क्या बात है! आमची जुम्म्याची छुट्टीबी कामाला लावली तुम्ही!"

"आणि बाजाराच्या दिवशी अंगण मोकळं असतं. क्रेन तेव्हा आणा," योगिनी म्हणाली.

तिने पुन्हा बटण दाबलं. पट्टी सरकली, आणखी सरकली आणि तोडणीच्या अलीकडे येऊन टेकली. "आली!" योगिनी अशी ओरडली की ललितचा चहा सांडला आणि केबिनमध्ये साप निघाला असं वाटून बाहेरचे मजूर फावडी घेऊन धावले.

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. एका गुरुवारी मिक्सर रुसला, गोरक्षभाऊंनी दुसरा कुठूनतरी ओढून आणला, पण गुरुवार सोडला नाही. बाजाराच्या दिवशी क्रेन अंगणात ऐटीत फिरली. ललितने यंत्र सुरू केलं तेव्हा योगिनीने त्या गार भिंतीला गाल लावून बघितला.

तोडणीचा पहिला क्रेट आत गेला तेव्हा ती दारातच उभी होती. चष्म्यावर वाफ धरली होती आणि हसू आवरत नव्हतं. सिंधुबाई तिच्यासाठी मुठीत द्राक्षं घेऊन आल्या.

"सिंधुबाई, आता ती दुसरीकडची जागा सोडून द्या हं. उगाच भाडं कशाला?"

"कोन्ती जागा?"

"अडीअडचणीला राखून ठेवलेली."

"नाय बा, कुठंच नाय ठेवली," सिंधुबाई म्हणाल्या. "लोकं इचारत व्हती, ठेवू का म्हनून. मी म्हनलं, ती पोरगी सभेत उभं राहून बोलली हाय. मंग कशाला?"

योगिनीने शेजारचा रिकामा क्रेट पालथा घातला आणि त्यावर बसून एक एक द्राक्ष खाल्लं.