गुरुवारची रिकामी खुर्ची

पत्रक मीच लिहिलं होतं. ‘खुर्चीवर बसायला वेळ नाही, मग पगार कशाचा?’ कराडला छापून आणलं, बाजारात वाटलं. आमच्या तालुक्याच्या कचेरीत निराधार पेन्शनचं टेबल सांभाळणारा कारकून दर गुरुवारी दुपारी तीननंतर गायब असायचा. माहितीच्या अधिकारात मी हालचाल रजिस्टरच्या प्रती मागितल्या. कचेरी सोडताना कुठं, कशासाठी, ते त्यात लिहावं लागतं. गुरुवारी त्याची एकही नोंद नव्हती. सापडला, म्हटलं, आणि साहेबांकडं तक्रार केली. साहेबांनी त्याला नोटीस दिली, जागा सोडायची बंदी केली. आम्ही कार्यकर्त्यांनी एकमेकांना चहा पाजला.

थोड्याच दिवसांत आमच्या गल्लीतल्या चाचीची पेन्शन थांबली. चाची आयुष्यभर बायकांना बांगड्या भरत फिरली. आता अर्धं अंग लुळं, अंथरुणावर. ती जिवंत असल्याचा अंगठा दरवर्षी मशीनवर लागतो. तो घ्यायला कारकून घरी यायचा. गुरुवारी. मशीन पिशवीत घालून, अशा कितीतरी घरी.

तडक कचेरीत कारकुनाला गाठलं. “मग रजिस्टरला लिहायचं की!”

“लिहिलं असतं तर साहेबांनी आदेश मागितला असता. घरोघर जा, असा आदेश न्हाई कुठं.”

“तरी जात होता?”

“सेवाबिवा म्हणू नका हं. म्हाताऱ्यांना जिन्यानं पोत्यागत वर आणत्यात, ते बघवत न्हाई. एवढंच.”

ह्यांना अंगठे घ्यायला घरोघर पाठवा, असा अर्ज मी साहेबांना दिला. शेरा आला: मनुष्यबळ उपलब्ध नाही. पुन्हा दिला, पुन्हा तोच शेरा. काम करणारा बांधला गेला तो माझ्या तक्रारीनं, आणि साहेब मोकळे! संतापून नवं पत्रक लिहायला बसलो. पहिल्याच ओळीत अडलो, कारण दोषी कोण ते मला माहीत होतं.

शेवटी चाचीला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून मी आणि रिक्षावाल्यानं दोन मजले चढवलं. जिन्यात दोनदा टेकलो. लोक बघत होते. तिनं तोंडावर पदर ओढला. अंगठा चौथ्या खेपेला लागला. कारकुनानं तिला पाणी दिलं. माझ्याकडं बघितलंही नाही.

उतरताना ती म्हणाली, “ते मशीनवालं साहेब घरी यायचं का बंद झालं रं? माझं काय चुकलं?”

“तुमचं न्हाई, चाची. मी तक्रार केली त्यांची.”

खाली रिक्षापाशी खुर्ची टेकल्यावर तिनं तोंडावरचा पदर काढला. मग म्हणाली, “लय हुशार हायस. फुडच्या वर्षी बी तूच उचल.”

“व्हय,” म्हटलं. बाकीच्या घरांतल्यांना कोण उचलणार, ते तिनं विचारलं नाही. मीही तो विषय काढला नाही.