चालतंय की अजून!

जुनी वस्तू टाकवत नाही, आणि तिचे किस्से तर त्याहून टाकवत नाहीत. वस्तूला निदान माळ्यावर जागा लागते, किस्से कुठेही मावतात. इथे कन्नड मुलखात, बोम्मसंद्रातल्या आमच्या स्प्रिंगांच्या कारखान्यात आम्ही तिघं मराठी एका टेबलावर डबा खातो. मी परचेसमध्ये, राजाजीनगरचा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथलाच. गौरी पुण्याची, एचआर सांभाळते. आणि पाटील निपाणीचे, मेन्टेनन्सचे प्रमुख. विषय कुठूनही निघो, डबे बंद होईपर्यंत तो कुणाच्या तरी घरातल्या म्हाताऱ्या यंत्रावर येऊन थांबतोच!

*

सुरुवात माझ्या घरापासून. आमच्या अण्णांकडे, म्हणजे वडिलांकडे, एक ट्रान्झिस्टर आहे. त्याची एरियल मोडून जमाना झाला. तेव्हापासून तो फक्त फ्रिजवर ठेवला तरच बोलतो. कसं, ते विचारू नका.

मध्यंतरी तो फ्रिजच गेला. नवा घ्यायला शोरूममध्ये गेलो, तर अण्णांच्या हातात कापडी पिशवी. मला वाटलं, येताना भाजी घेणार असतील. अण्णांनी पिशवीतून ट्रान्झिस्टर काढला आणि पहिल्या फ्रिजवर ठेवला. खरखर! दुसऱ्यावर ठेवला. खरखर! सेल्समन बिचारा स्टार रेटिंग समजावत मागे मागे फिरतोय. कोपऱ्यातल्या एका फ्रिजवर मात्र बातम्या खणखणीत लागल्या. सेल्समन तोंड उघडणार, तोच अण्णा मला म्हणाले, “याला स्वल्प थांबायला सांग रे, हवामान राहिलंय!”

फ्रिज तोच घेतला. आईला त्याचा रंग अजून आवडलेला नाही.

*

गौरीचा नवरा व्हाइटफील्डला मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. खिशात लेटेस्ट फोन, पण सकाळी उठतो तो कॉलेजातल्या बटणांच्या फोनच्या गजरावर! त्यात सिम नाही, काही नाही. फोन बंद असला तरी गजर होतोच, हे त्याचं वैशिष्ट्य.

पुण्याहून सामान हलवताना तो फोन चुकून एका खोक्यात गेला. सकाळी कोल्हापूरजवळून ट्रकवाल्याचा फोन, “साहेब, मागं खोक्यात कायतरी वाजतंय! आम्ही गाडी सोडून शेतात उभे आहोत!”

गौरीचा नवरा जांभई देत म्हणाला, “घाबरू नका हो. तीनदा वाजून आपोआप गप्प बसतो. मीसुद्धा तिसऱ्यालाच उठतो!”

*

पाटलांच्या मनगटावर सासऱ्यांनी लग्नात दिलेलं डिजिटल घड्याळ आहे. आकड्यांच्या डाव्या बाजूच्या रेघा कधीच्याच गेल्या, त्यामुळे त्यात आठही तीनसारखाच दिसतो. गौरीने एकदा न राहवून विचारलं, “पाटील, मग आठ वाजलेत की तीन, हे समजतं कसं?”

“त्यात काय वो मॅडम,” पाटील म्हणाले, “जेवण झालं असलं की तीन!”

*

गौरीने एकदा कारखान्यात ई-कचऱ्याचं खोकं ठेवलं. जुनं इलेक्ट्रॉनिक सामान आणून टाका, असा मेल सगळ्यांना गेला. नमुन्यादाखल तिने स्वतःचा बिघडलेला कीबोर्ड त्यात ठेवला. संध्याकाळी पाहते, तर खोकं रिकामं! कुणी काही टाकलं तर नव्हतंच, वर कीबोर्डही गायब.

तो पाटलांच्या कपाटात सापडला. “अहो मॅडम, टाकताय काय? ह्याचा स्पेसबार लई चांगला हाय!”

*

आणि हा गेल्या दसऱ्याचा.

आमच्या स्प्रिंगा तपासायच्या मशिनला एक जुना कॉम्प्युटर जोडलेला आहे. त्यातला प्रोग्रॅम दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवर चालत नाही, आणि तो लिहून देणारी कंपनी कधीच बंद पडली. एकदा बंद केला तर हा परत सुरू होईल का, याची खात्री नाही. म्हणून तो कधी बंदच करत नाहीत. त्याची नाडी फक्त पाटलांना कळते. त्यामुळे कित्येक वर्षांत पाटील दसऱ्याला सोनं वाटायला गावी गेलेले नाहीत.

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, आमच्याकडे सगळी यंत्रं झाडूनपुसून बंद करतात, हार घालतात, कोहळा फोडतात. दसऱ्याच्या सकाळी मुहूर्ताने परत सुरू करतात. पाटील दरवर्षी नुसता मॉनिटर बंद करून कुंकू लावायचे. देवी समजून घ्यायची!

या वेळी पूजेला आमच्या मालकांच्या, म्हणजे साहेबांच्या, आई आल्या. सगळे त्यांना अम्मा म्हणतात. मराठी येत नाही, पण कान तिखट. आरती ओवाळता ओवाळता थांबल्या. कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर ऐकू आली होती.

“हा का चालू? याला रजा नको?” त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

साहेबांनी समजावून पाहिलं. अम्मा तबक घेऊन तशाच उभ्या. शेवटी साहेब हळूच म्हणाले, “पाटील, सरी, ठीक आहे. करा बंद.”

पाटलांनी बटण दाबलं. घरघर थांबली. इतकी शांतता मी त्या शेडमध्ये कधी ऐकली नव्हती! परवा मोठी ऑर्डर तपासून जायची होती. ती चुकली असती तर ते गिऱ्हाईक कायमचं गेलं असतं. प्रसादाचे चुरमुरे पाटलांच्या हातात तसेच राहिले.

दसऱ्याला सकाळी आम्ही सगळे हजर. पाटलांनी बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. पंखा खोकल्यासारखा झाला आणि थांबला. पाटील डोळे मिटून पुटपुटायला लागले. मीही घरच्या खंडोबाला नवस बोलून टाकला.

तिसऱ्यांदा दाबलं आणि घरघर सुरू झाली! स्क्रीन उजळला, प्रोग्रॅम आला, मशिनने पहिली स्प्रिंग पास केली. माझा जीव भांड्यात पडला. साहेबांनी पाटलांना चक्क मिठी मारली. पाटील रुमालाने डोळे पुसत होते आणि घाम आलाय म्हणून सांगत होते.

तेवढ्यात गौरी म्हणाली, “अरे, पण डेट बघा ना! १ जानेवारी १९८०!”

“आतली बॅटरी गेली असंल,” पाटील म्हणाले, “घड्याळ पार सुरुवातीला गेलंय बघा.”

“तेव्हा तर मी जन्मलोही नव्हतो!” साहेब हसत सुटले.

अम्मांनी चष्मा सावरून स्क्रीनकडे पाहिलं, मग पाटलांकडे पाहिलं, आणि मुलाला म्हणाल्या, “बघितलंस? एक दिवस रजा दिली तर केवढा तरुण झाला हा! आता यांनाही दे स्वल्प!”