सांताक्लॉजच्या झोळीत सूपभर जोंधळा

मागच्या नाताळात, सकाळी अकराच्या लख्ख उन्हात, मी सांताक्लॉजच्या झोळीत सूपभर जोंधळा ओतला. ही अफवा नाही. ही माझी कबुली आहे. या कृत्याबद्दल मी सर्व संबंधितांची यथाशक्ती माफी मागितली आहे. सांताची दोनदा मागितली, मेहुण्याची अजूनही फोनवर मागतो, आणि पत्नीची मागण्याचे धाडस करत नाही. कारण तिच्या मते माफी मागायचीच असेल तर लग्नाच्या दिवसापासून सुरुवात करावी लागेल!

मी फलटणजवळच्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. पत्नी सुनंदा हिचे माहेर आटपाडीकडचे. त्या कोरडवाहू मुलखातली माणसे गलाईच्या धंद्यात, म्हणजे जुने दागिने वितळवून त्यातले शुद्ध सोने वेगळे काढण्याच्या धंद्यात, देशभर पसरली आहेत. सुनंदाचा धाकटा भाऊ बापू बावीस वर्षांपासून चेन्नईच्या एका गल्लीत हेच काम करतो. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड, आणि शेजारच्या घरात घरमालक आरोग्यसामी. पंच्याहत्तरीचे, एकटे राहणारे, मितभाषी ख्रिस्ती गृहस्थ. बापू त्यांना आदराने ‘अय्या’ म्हणतो.

मागच्या वर्षी अय्यांच्या परदेशातल्या मुलाने जागा रिकामी करून घेण्याचा लकडा लावला होता. ‘नाताळाच्या दिवशी काय ते सांगतो,’ असे म्हणून अय्यांनी बापूला सहकुटुंब जेवायला बोलावले होते. बावीस वर्षांची भट्टी राहते की उठते, ते त्या जेवणावर ठरणार होते. अशा नाजूक वेळी बापूने आम्हाला कशाला बोलावले, असे कोणीही विचारील. (बोलावले नव्हते. ‘नाताळची सुट्टी आहे, येतो’ असे मीच कळवले होते. खरे सांगायचे ठरवलेच आहे, तर तेही सांगून टाकतो.)

“दाजी, या की! घर तुमचंच हाय,” बापू फोनवर म्हणाला. “फकस्त अय्याम्होरं काय बोलायचं न्हाई. हात जोडायचं अन् हसायचं. जमंल न्हवं?”

“बापू, मी तीस वर्षे वर्गात बोलतच आलो आहे.”

“म्हणून तर म्हणतोय!”

नाताळ म्हणजे कडाक्याची थंडी, बर्फ आणि शेकोटी, हे मी इतकी वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो होतो, की एव्हाना माझाही त्यावर विश्वास बसला होता. त्यामुळे मी दोन स्वेटर, एक मफलर आणि एक कानटोपी घेतली. सुनंदाने भावासाठी दहा किलो जोंधळा घेतला. (पुढे घडलेल्या प्रकारात आम्हा दोघांच्याही सामानाचा वाटा आहे; मात्र दोष माझ्या एकट्याच्याच नावावर आहे.) आगगाडीत मी तिला सांताक्लॉज समजावून सांगितला. तो स्थूल असतो, गालांनी लाल असतो, बर्फावरून घसरत्या गाडीतून येतो आणि गडगडाटी हसतो.

सुनंदा शेंगा सोलत शांतपणे ऐकत होती. “मग त्यो चेन्नईला कशाला ईल? तितं बरफ कुटं हाय?”

“सुनंदा, हा संकल्पनेचा प्रश्न आहे.”

“असंल. शेंगा खावा.”

चेन्नईत उतरलो तेव्हा ऊन आमच्या फलटणच्या एप्रिलसारखे होते. पुढचे तीन दिवस मी कमालीचा गोंधळलेला होतो. दारोदारी कागदी चांदण्यांचे कंदील टांगलेले, म्हणजे दिवाळी म्हणावी. दुकानाबाहेर नारळाच्या झाडाला कापूस चिकटवून बर्फ केलेला, म्हणजे नाताळ म्हणावा. आणि त्या बर्फाखाली माणसे अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात आइस्क्रीम खात उभी, म्हणजे सरळ मे महिनाच म्हणावा! समुद्रावर सुनंदाने केसांत वीतभर मोगरा माळला, भाजलेले कणीस खाल्ले आणि लाटांत पाय भिजवून मुलीसारखी हसली. मी वाळूवर स्वेटर घालून उभा होतो.

“आवं, ते सुटर काढा की आता! माणसं वळून वळून बघत्यात.”

“हे शहर फसवे आहे. थंडी केव्हाही पडेल,” मी म्हणालो. हट्ट हा माझ्या स्वभावाचा सर्वांत टिकाऊ भाग आहे.

नाताळाच्या दिवशी सकाळी बापू आणि त्याची पत्नी शालन अय्यांसाठी फुलांचा हार आणायला बाजारात निघाले. अय्या चार दिवस आपल्या गावी जाऊन आदल्या संध्याकाळीच परतले होते. मी त्यांना अजून पाहिलेलेही नव्हते. बाराला त्यांच्याकडे जायचे होते.

“दाजी, तवर तुमी हितंच वट्यावर बसा,” बापू जाताना म्हणाला. “कशाला हात लावू नगा.”

मी बसलो. शेजारी सुनंदा सुपात जोंधळा घेऊन पाखडत होती. एवढ्यात गल्लीच्या टोकाला ढोल वाजला. चारपाच ढोलवाले नाचत येत होते आणि त्यांच्यापुढे तांबड्या अंगरख्यातला एक मनुष्य, तोंडावर पांढऱ्या दाढीचा मुखवटा, एका हातात घंटा, खांद्यावर भलीमोठी झोळी.

“आवं, तुमचा सांता आला की!” सुनंदा म्हणाली.

याच ठिकाणी मी गप्प बसलो असतो, तर आज एक प्रतिष्ठित गृहस्थ असतो. पण मी चष्मा पुसून त्याला नीट न्याहाळले.

“सुनंदा, शक्य नाही. हा मनुष्य उसाच्या कांड्यासारखा सडपातळ आहे. पायांत रबरी चपला आहेत. आणि हा मुळीच हसत नाही.”

“मंग कोन म्हनायचा?”

“बहुरूपी!”

मला गहिवरून आले. आमच्याकडे सुगीनंतर बहुरूपी यायचे. कधी फौजदार होऊन, कधी डॉक्टर होऊन. खोटे वॉरंट दाखवून घरच्या कर्त्याला दरडावायचे, कर्ता त्यांची थट्टा करायचा, आणि शेवटी सूपभर धान्य त्यांच्या झोळीत पडायचे. ‘लोककलावंतांना आश्रय द्या’ या विषयावर मी शाळेत दरवर्षी भाषण करतो. आणि इथे, इतक्या दूर, सांताक्लॉजचे सोंग घेतलेला बहुरूपी चालून माझ्या दारात आलेला!

“यावे, यावे!” मी उठून उभा राहिलो. “कोणते गाव आपले?”

त्याने घंटा वाजवली.

“हिंदी समजते का?”

त्याने मान अशी हलवली की तिचा अर्थ होय, नाही किंवा ‘ऊन फार आहे’ यांपैकी काहीही होऊ शकला असता.

“मूकाभिनय! सुनंदा, पाहिलेस? पट्टीचा कलावंत आहे!”

“आवं, पर बापूला येऊ द्या की.”

तेवढ्यात त्याने झोळीत हात घालून एक लांबट पाकीट काढले आणि माझ्यापुढे धरले. दुकानाकडे बोट दाखवले. पाकीट पुन्हा पुढे केले. मी आनंदाने टाळीच वाजवली.

“वॉरंट! सुनंदा, याने वॉरंटसुद्धा आणले आहे! हुबेहूब!”

तो पाकीट माझ्या हातात कोंबू लागला; मी ते परत त्याच्या झोळीत कोंबू लागलो. आमच्याकडची थट्टेची रीत अशीच असते. ढोलवाल्यांना वाटले हा नाचाचाच प्रकार आहे; त्यांनी ठेका वाढवला. गल्लीतली मुले जमली. शेवटी मी पाकीट झोळीच्या तळाशी दाबले आणि म्हणालो, “आधी शिधा, मग वॉरंट!”

असे म्हणून मी सुनंदाच्या हातातले सूप घेतले.

“आवं, ते निवडल्यालं हाय!” ती ओरडली.

“कलावंताला निवडलेलेच द्यावे!” मी म्हणालो आणि सूप झोळीत पालथे केले.

ढोल थांबला. सांता झोळी ओढून घेऊ लागला. मला तो त्याचा संकोच वाटला. आम्ही पाहुण्याचे ‘नको’ कधी खरे धरत नाही! मी झोळी गदागदा हलवून जोंधळा नीट खाली बसवला. एवढ्यावरही मी थांबलो नाही. शिधा मिळाला की बहुरूप्याने सोंग उतरवून आपले खरे नाव सांगायचे, अशी आमच्याकडे रीत आहे. याला रीत आठवेना, म्हणून मीच मदतीला धावलो आणि मुखवट्याला हात घातला.

“दाजीऽऽ!”

बापू गल्लीच्या तोंडाशी उभा होता. हातातला हार गुडघ्यापर्यंत लोंबत होता.

“हात काडा! दाजी, हात काडा! अय्या हायती त्ये!”

पण मुखवटा तोवर माझ्या हातात आला होता. त्यामागे पांढऱ्या मिशा होत्या, घामाने निथळणारे सुरकुतलेले कपाळ होते, आणि अत्यंत सभ्य असे आश्चर्य होते. अय्यांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या स्वेटरकडे पाहिले. कानटोपीकडे जरा जास्त वेळ पाहिले. मग मुखवटा माझ्या हातातून हळूच घेतला, तोंडावर चढवला आणि ते पुढच्या दाराकडे निघून गेले. झोळीतून ते मुलांना खाऊच्या पुड्या वाटत होते, आणि प्रत्येक पुडीबरोबर रस्त्यावर मूठभर जोंधळा सांडत होता.

बापू ओट्यावर बसला. “बावीस वर्सं, दाजी,” तो म्हणाला. “बावीस वर्सं या मानसाला मी साधा उलट शब्द दिला न्हाई. तुमी त्येची दाढी उपटली!”

“ती कापसाची होती, बापू...” मी क्षीणपणे म्हणालो.

शालनने व्यवहाराचे तेवढे विचारले. “आता जेवायला जायचं का सामान बांदायचं?”

आम्ही जेवायला गेलो. अय्या पांढऱ्याशुभ्र वेष्टीत, म्हणजे लुंगीवजा धोतरात, होते. स्वतः पाहुण्यांना वाढत होते. कोपऱ्यात मातीने भरलेल्या एका पसरट कुंडीत येशूजन्माचा देखावा मांडला होता. मला बापूची सूचना आठवली. मी हात जोडले आणि हसलो. त्यांनी मान डोलावली. मी पुन्हा हात जोडले आणि पुन्हा हसलो. हा प्रकार भातापासून पायसापर्यंत चालू राहिला.

“दाजी, हसू नगा आता,” बापू कुजबुजला. “लय वंगाळ दिसतंय.”

जेवण झाल्यावर अय्या तमिळमध्ये काही बोलले. बापूचा चेहरा उतरला.

“इचारत्यात, धान्य का वतलं?”

मी उभा राहिलो. वर्गात उभा केलेला विद्यार्थी कसा उभा राहतो, ते मला त्या दिवशी आतून कळले. “त्यांना सांग, बापू, मी चुकलो. पण आमच्याकडे दारात झोळी घेऊन आलेल्याला रिकामे पाठवत नाहीत. मी दुसरा काही विचारच केला नाही.”

बापूने तमिळमध्ये सांगितले. त्याला बराच वेळ लागला. बहुधा त्याने बहुरूपीही समजावून सांगितला असावा. अय्या उठले आणि आतून झोळी घेऊन आले. तळाशी हात घालून त्यांनी ते पाकीट काढले. त्यावर जोंधळ्याचा भुसा चिकटला होता. ते थांबत थांबत बोलू लागले आणि बापू मागोमाग सांगू लागला.

“म्हनत्यात, तोंडानं सांगायला जीभ रेटना. ह्या सोंगात बोलायचं नसतंय, अशी हितली रीत हाय. म्हणून म्हनलं, मुखवटा घालून पाकीट द्यावं अन् निगून जावं.”

“काय आहे त्या पाकिटात?”

“नोटीस, दाजी,” बापू खाली बघत म्हणाला. “जागा सोडायची.”

मी सुनंदाकडे पाहिले. तिने पदर तोंडाला लावला होता. वॉरंट खरे होते तर! आणि मी ते दोनदा हसत हसत परत केले होते!

अय्या पुढे बोलले. बापूचा आवाज मात्र अडखळू लागला. “म्हनत्यात, चाळीस वर्सं ही झोळी घिऊन फिरतोय. समदी त्यातनं काडूनच घेत्यात. टाकनारा ह्यो पयलाच मानूस. ज्या दारात झोळी भरली, त्येच दार बंद कसं करायचं? पोराला मी समजावतो, म्हनत्यात. भट्टी ऱ्हाऊ द्या.”

अय्यांनी झोळीतला उरलेला जोंधळा त्या देखाव्याच्या कुंडीतल्या मातीत पसरला आणि वर तांब्याभर पाणी शिंपडले. (महिन्याभराने बापूचा फोन आला, “दाजी, अय्याच्या कुंडीत जोंधळ्याची ताटं वर आल्यात. हुरडा कवा करायचा, इचारत्यात.”)

मी पुन्हा एकदा माफी मागितली. त्यावर अय्या प्रथमच हसले आणि बोट माझ्याकडे दाखवून काहीतरी म्हणाले.

“येक अट हाय,” बापू म्हणाला. “त्येंचं गुडघं गेल्यात. फुडल्या सालापासनं ह्ये सोंग दाजींनी घ्यायचं!”

म्हणून यंदाच्या नाताळात मी स्वेटर घरी ठेवून चेन्नईला गेलो. तांबडा अंगरखा घातला, मुखवटा चढवला, झोळी खांद्यावर घेतली आणि भर उन्हात तीन गल्ल्या नाचलो. बोलायची मनाई होती, त्यामुळे माझ्या हातून एकही अपराध घडला नाही. माझे मन प्रायश्चित्ताने हलके झाले होते. शेवटी मोठ्या उत्साहाने मी बापूच्या दारात आलो. ओट्यावर सुनंदा जोंधळा पाखडत बसली होती. मी घंटा वाजवली, गिरकी घेतली आणि तिच्यासाठी आणलेला मोगरा काढायला झोळीचे तोंड उघडून पुढे केले.

तिने सूप झटकन पाठीमागे घेतले. मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळले.

“म्होरं व्हा, बाबा!” ती म्हणाली. “हितं मागल्या सालीच लय दिलंय!”

मी हात जोडले, मुखवट्याआड हसलो आणि पुढच्या दाराकडे वळलो.