शिऱ्याचा घास

सोमवारी सकाळी शेजारचा दत्ता अंथरुणातून उठू शकला नाही. आदल्या रात्री लग्नाच्या पंगतीत पोटभर जिलब्या खाल्लेल्या. अशक्तपणा समजून त्याच्या आईने, गंगूकाकूंनी, शिरा भरवला.

"खा रे, ताकद येईल."

"आई, आता मानही उचलवत नाही."

आपल्याकडे माया दाखवायची ती गोड भरवूनच, नको म्हणेपर्यंत.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, "स्नायूंमध्ये कॅल्शियम जाण्याची वाट घडवणारं जनुक बहुधा जन्मतः बिघडलंय. गोड खाल्लं की रक्तातलं पोटॅशियम उतरतं, स्नायू लुळे पडतात. हे आईवडिलांकडून येतं."

काकू भिंतीला टेकल्या. "याचे वडीलही सणानंतर असेच पडून राहायचे. त्यांनाही मी गूळपाणीच पाजत राहिले."

पोटॅशियम सुरू केलं. दुपारपर्यंत दत्ताची बोटं हलली नव्हती.