सोमवारचं पहिलं पाणी

माझ्या पोरीच्या हातातला ग्लास मोठ्या मॅडमनी काढून घेतला आणि बेसिनात ओतला. पोरगी तशीच बघत उभी. ओठ ओले.

मी त्या शाळेत शिपाईबाई. झाडलोट, घंटा, पिण्याचं पाणी, सगळं माझ्याकडं. पोरगी तितंच तिसरीत. त्या दिवशी तिच्या पोटात कळ आली म्हणून टीचर रूममधल्या जारचं पाणी दिलं. एक ग्लास.

"जार स्टाफसाठी आहे, मावशी. पोरांना बाहेर नळ आहे ना?" मोठ्या मॅडम म्हणल्या. मग पोरीकडं बघून, "बेचा पाढा येत नाही, पण पाणी मात्र जारचं पाहिजे. तुमच्यात डोकं कमीच असतं म्हणा."

बाकीच्या बाया वह्या तपासत बसल्या. एकीनंबी मान वर केली न्हाय. आणि मी? मी म्हणलं, "चुकलं मॅडम." त्या "चुकलं"ची मला अजून लाज वाटती.

खोटं कशाला बोलू, पोरगी मठ्ठ हाय असं मलाबी वाटायला लागलं व्हतं. पहिलीत चुरूचुरू बोलायची. आता सांगितलेलं ध्यानात राहत न्हाय, सारखं पोट दुखतं, जेवत न्हाय. मॅडमचं ऐकून मी तिच्या पाठीत धपाटे घातलेत.

आमच्या पेठेत पाणी चार-पाच दिसांनी येतं. लहानपणी थेंब सांडला तर आई चिमटा काढायची. शाळेतबी मी तेच केलं. सोमवारी सकाळी नळाखाली आधी कळशी लावायची. पहिलं पाणी वाया घालवायचं न्हाय, ते पोरांच्या पिंपात ओतायचं. त्यातलीच बाटली भरून पोरीच्या दप्तरात. माझ्या नळाखाली कधी ओल दिसायची न्हाय, ह्याचा मला लई अभिमान व्हता.

एका शनिवारी मोठ्या मॅडमनी बोलावलं.

"सोमवारी पाणी तपासायला माणूस येणार आहे. तू सातला येऊन नळ सोडून ठेव. तासभर वाहू दे."

"तासभर? वाया?"

"सांगितलं तेवढं कर. डोकं चालवू नकोस."

घरी आले, पण डोकं थांबंना. रविवारी तव्यावर भाकरी करपली तरी ध्यान न्हाय. शाळेत फडकं धुताना नळ जरा मोठा झाला तर ही बाई वरच्या मजल्यावरनं ओरडती. आणि आता तासभर सोड म्हणती. सोलापुरात. कशापायी? त्या पाण्यातलं काय वाहून जायला पाहिजे हिला?

सोमवारी सातला गेले. हात दोनदा तोटीवर गेला. नोकरी कंत्राटी, एका फोनात जाती. तरी न्हाय सोडला.

आठला तपासणीचा माणूस आला. मागनं मॅडम. कोरडी मोरी बघून म्हणल्या, "नळ सोडला नाहीस?"

"न्हाय."

एवढंच. पण त्यांच्या तोंडावर हे मी पहिल्यांदाच बोलले.

"बरं केलंत, मावशी," बाटली नळाखाली धरत तो माणूस म्हणला. "पहिलंच पाणी लागतं. जुन्या पाईपात शिसं असतं. सुट्टीत पाणी आत तसंच थांबलं की त्यात उतरतं. वास नाही, चव नाही. लहान पोरांच्या मेंदूवर जातं." मग मॅडमकडं वळून, "मागच्या वेळी, दिवाळीच्या आधीच, शाळेला कळवलं होतं की. पाईप अजून तोच?"

मला जार आठवला. दिवाळीनंतर आला व्हता तो. त्याआधी सगळ्या बाया नळाचंच पाणी प्यायच्या.

म्हणजे म्हाईत व्हतं. त्यांनी आपल्यापुरतं पाणी बदललं, पोरांचं तेच ठेवलं. वर माझ्या पोरीला डोकं न्हाय म्हणल्या. आणि सगळ्यात वाईट पाणी, ते पहिलं, मी माझ्या हातानं तिला पाजलं. मॅडमचा राग येतो. माझाबी येतो. दोन्ही घेऊन झोप लागत न्हाय.

रिपोर्टात शिसं निघालं. पोरीच्या रक्तातबी निघालं. डॉक्टर म्हणले, आधी ते पाणी बंद करा, गेलेलं किती भरून येईल ते सांगता येत न्हाय.

मॅडम म्हणल्या, "पाईपची मंजुरी यायची आहे. तोवर गवगवा करू नकोस. नोकरीचं बघ."

नोकरीचंच बघितलं. पाण्याचं काम माझं हाय की. टीचर रूममधला जार उचलला आणि पोरांच्या पिंपाच्या जागी ठेवला. नळ तारेनं आवळला. पक्कड घरी नेली. नवा पाईप पडल्याबिगर ती तार निघणार न्हाय, मग मला काढा न्हाय तर ठेवा.

त्या सोमवारी मीबी त्याच नळाची एक बाटली भरून घेतली व्हती. येत्या पालकसभेत ती मोठ्या मॅडमच्या टेबलावर ठेवणार. शेजारी ग्लास. पोरीला संगं घेऊन उभी राहणार आणि सगळ्यांदेखत म्हणणार, प्या मॅडम. मी तुमच्या हातातला ग्लास काढून घेणार न्हाय.